१८९८ चे ड्रॉइंग आणि १९५१ चे इंजिन: ‘जे ७२’ वर्गाच्या शंटिंग इंजिनांची हकीकत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनमध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर, १९४९ ते १९५१ या काळात, डार्लिंग्टनच्या कारखान्यात वाफेची २८ शंटिंग इंजिने नव्याने बांधली गेली आणि त्यांचा मूळ आराखडा १८९८ सालचा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतला होता, हे खरे आहे का, आणि खरे असेल तर त्याला कारखान्याचा आळस म्हणायचे की शहाणपण? पहिल्या भागाचे उत्तर निर्विवाद ‘होय’ असे आहे. दुसऱ्या भागासाठी मात्र हा आराखडा कोणत्या कामासाठी जन्माला आला आणि पन्नास वर्षांत त्याला हात का लागला नाही, हे आधी पाहावे लागते. माझी नोकरी लोको शेडमध्ये आणि यार्डात गेली. त्यामुळे मी या इंजिनाकडे संग्राहकाच्या नजरेपेक्षा कामगाराच्या नजरेने पाहणार आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

हे इंजिन नॉर्थ ईस्टर्न रेल्वे या कंपनीचे. १८५४ मध्ये काही लहान कंपन्या एकत्र येऊन ती स्थापन झाली आणि पुढे यॉर्कपासून उत्तरेला न्यूकॅसलच्या पलीकडपर्यंतचा इंग्लंडचा ईशान्य भाग जवळजवळ तिच्याच ताब्यात आला. प्रवासी वाहतूक होतीच, पण कंपनीचे पोट भरत होते ते कोळशावर, लोखंडावर आणि बंदरांवर. टाइन डॉक तिच्या मालकीचा होता आणि हलची गोदी तिने १८९३ मध्ये विकत घेतली. खाणीतून निघालेली वाघीण धक्क्यावर पोचेपर्यंत तिची अनेकदा वर्गवारी होते, म्हणजे ती एका गाडीतून सोडवून दुसऱ्या रांगेत लावावी लागते. हे सगळे काम शंटिंगच्या इंजिनाचे. मुख्य मार्गावरचे एक इंजिन दिवसभरात जेवढे मैल धावते, त्याच्या एका लहानशा हिश्शाइतकेही अंतर शंटिंगचे इंजिन कापत नाही. पण थांबणे, उलट दिशेने जाणे आणि पुन्हा निघणे ते दिवसातून शेकडो वेळा करते. आराखड्यातल्या प्रत्येक निर्णयाचे मूळ याच एका गोष्टीत सापडते.

१८८६ मध्ये कंपनीचे लोकोमोटिव्ह सुपरिंटेंडंट थॉमस विल्यम वर्सडेल यांनी ‘ई’ वर्गाचे सहा चाकी टँक इंजिन आणले. टँक इंजिन म्हणजे ज्याला मागे टेंडर नसतो आणि पाणी-कोळसा अंगावरच वाहिला जातो ते. पुढे ‘जे ७१’ या नावाने ओळखला गेलेला हा वर्ग १८९५ पर्यंत बांधला जात राहिला आणि त्याची १२० इंजिने झाली. त्यांच्या चाकांचा व्यास ४ फूट ७¼ इंच होता. सोळा इंची सिलिंडर आणि बावीस इंची स्ट्रोक (पिस्टनची सरक) असलेल्या इंजिनांचे कर्षण, म्हणजे ओढण्याचे बल, दर चौरस इंचाला १४० पौंडांच्या दाबाला सुमारे १२,१३० पौंड येई. हलक्या कामाला ते पुरेसे होते. गोदीतल्या भरलेल्या वाघिणींच्या लांब रांगांना ते अपुरे पडू लागले, तेव्हा थॉमस यांचे धाकटे बंधू आणि १८९० पासून त्यांच्याच खुर्चीवर बसलेले विल्सन वर्सडेल यांनी १८९८ मध्ये त्याच इंजिनाचा सुधारित भाऊ काढला. कंपनीच्या वहीत तो ‘ई १’ वर्ग. १९२३ नंतरच्या नव्या कंपनीच्या वहीत ‘जे ७२’.

विल्सन वर्सडेल यांनी बदल मोजकेच केले. चाकाचा व्यास ४ फूट १¼ इंचावर, म्हणजे साधारण सव्वा मीटरवर आणला आणि सिलिंडर १७ इंची, २४ इंच स्ट्रोकचे केले. दाब १४० पौंडच राहिला. चाक लहान केल्याने कर्षण साधारण १२ टक्के वाढते आणि सिलिंडर मोठे केल्याने साधारण २३ टक्के. दोहोंचा गुणाकार होऊन कर्षण १६,७६० पौंडांवर, म्हणजे सुमारे ७.६ टनांवर गेले. एवढ्या वाढीसाठी बॉयलरचा दाब वाढवावा लागला नाही, नवी यंत्ररचना आणावी लागली नाही, की फिटरला नवे काही शिकावे लागले नाही. चाक लहान झाल्याने वेग गेला हे खरे, पण वेग या इंजिनाकडून कोणी मागितलाच नव्हता.

वजनाचा हिशेब तर मला फारच नेटका वाटतो. काम करण्याच्या स्थितीत इंजिनाचे वजन ३८ टन १२ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ३९ मेट्रिक टन. तिन्ही आस एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हे सगळेच्या सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडते. वजनाला कर्षणाने भागले की पाचाच्या किंचित वर आकडा येतो. हा आकडा चाराच्या खाली गेला, तर ओल्या किंवा तेलकट रुळावर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, उघडताच चाके जागच्या जागी फिरू लागतात. गोदीतले रूळ बहुधा ओलेच असतात आणि वर कोळशाची भुकटी पडलेली असते. तिथे पाच हा आकडा म्हणजे ड्रायव्हरचा निम्मा त्रास कमी. शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या आसामधले अंतर सुमारे चारच मीटर असल्याने धक्क्याकडे वळणाऱ्या वाकड्या सायडिंगांतही (बाजूच्या रुळांतही) इंजिन अडत नसे. याहून अरुंद वळणांसाठी कंपनीकडे चार चाकांची वेगळी छोटी इंजिने होती.

‘पुढे सुपरहीटर आले, पिस्टन व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या सुधारित झडपा) आले, मग या इंजिनात ते का घातले नाहीत?’ असेही अनेक जण विचारतात. त्यामागे एक गैरसमज आहे. सुपरहीटर म्हणजे वाफेला बॉयलरबाहेर पडल्यावर पुन्हा तापवणाऱ्या नळ्या. त्या तापायला आग सलग चालू राहावी लागते आणि वाफ सतत वाहावी लागते. शंटिंगचे इंजिन दोन मिनिटे ओढते आणि पाच मिनिटे उभे राहते. नळ्या तापेपर्यंत काम संपलेले असते. दुसरी अडचण त्याहून व्यवहारी आहे आणि ती यार्डात काम केलेल्या माणसालाच चटकन कळते. जुन्या पद्धतीच्या सुपरहीटर इंजिनात रेग्युलेटर बंद केल्यावरही नळ्यांत साठलेली वाफ सिलिंडरकडे जातच राहते आणि इंजिन हवे तिथे न थांबता हातभर पुढे सरकते. मुख्य मार्गावर त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र दोन वाघिणींच्या मध्ये माणूस असतो.

ब्रिटनमध्ये त्या काळी मालवाहू वाघिणी तीन कड्यांच्या सैल साखळीने जोडत. शंटर हातात एक लांब दांडा घेऊन रुळालगत उभा राही. त्या दांड्याच्या टोकाला वळवलेला लोखंडी आकडा असे. इंजिनाने वाघिणी किंचित दाबल्या की बफर आत जात आणि साखळी सैल पडे. त्या क्षणभरात शंटर दांड्याने कडी उचलून आकड्यावरून काढी किंवा पलीकडच्या आकड्यात अडकवी. दाब कमी पडला तर साखळी ताणलेली राही आणि कडी हलत नसे. जास्त पडला तर बफर उसळून वाघिणी दूर पळत. ड्रायव्हर खिडकीबाहेर अर्धा झुकून शंटरचा हात किंवा रात्री त्याचा कंदील पाहत असे, आणि त्याच्या दुसऱ्या हाताखाली रेग्युलेटर असे. इंजिनाने हुकमाबरहुकूम, न अडखळता आणि न सरकता उत्तर द्यावे, एवढीच अपेक्षा. साधे, सरकत्या झडपेचे स्लाइड व्हॉल्व्ह, त्यांना चालवणारी स्टीफन्सनची लिंक मोशन, संपृक्त (म्हणजे पुन्हा न तापवलेली) वाफ आणि फ्रेमच्या आत बसवलेले दोन सिलिंडर यांनी ती अपेक्षा पूर्ण होत होती. वेगाचा हिशेबही करून पाहा: ताशी १० किलोमीटरला हे चाक मिनिटाला अवघे बेचाळीसेक फेरे घेते. एवढ्या संथ गतीत वाफेला आत यायला आणि बाहेर पडायला भरपूर सवड मिळते, त्यामुळे व्हॉल्व्ह कितीही सुधारला तरी फरक नगण्य. ६९० गॅलन पाणी आणि २ टन कोळसा हा साठा मुख्य मार्गाच्या दृष्टीने तुटपुंजा असला, तरी यार्डात पाण्याचा स्तंभ नेहमीच जवळ असतो.

डार्लिंग्टनच्या कारखान्याने १८९८-९९ मध्ये पहिली २० इंजिने बाहेर काढली आणि मग हे काम पंधरा वर्षे थांबले. आराखडा नापसंत झाला म्हणून ते थांबले, असे मात्र मानू नये. वर्सडेल बंधूंच्या आधीचे लोकोमोटिव्ह सुपरिंटेंडंट एडवर्ड फ्लेचर यांच्या काळातली प्रवासी गाड्यांची बरीच टँक इंजिने तेव्हा जुनी होऊन बाजूला पडत होती. १८९९ पासून १९२१ पर्यंत कंपनीने त्यांतल्या ६० इंजिनांचे रूपांतर करून सहा चाकी शंटिंग इंजिने तयार केली. आयते लोखंड हाताशी असताना नव्या इंजिनावर खर्च कोण करील? माझ्या मते मधल्या खंडाचे मुख्य कारण हेच.

१९१४ मध्ये डार्लिंग्टनला पुन्हा २० इंजिने झाली. तोवर सूत्रे व्हिन्सेंट रेव्हन यांच्या हाती आली होती. हे गृहस्थ जुन्याला कवटाळून बसणारे मुळीच नव्हते. तीन सिलिंडरच्या मोठ्या इंजिनांचे ते पुरस्कर्ते होते, आणि शिल्डन ते न्यूपोर्ट या कोळशाच्या मार्गावर विजेची इंजिने चालू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत, १९१५ मध्ये. न्यूकॅसलच्या क्वेसाइडच्या बोगद्याच्या फाट्यावर तर याच कंपनीची विजेची दोन छोटी इंजिने १९०५ पासून काम करत होती. म्हणजे नवे तंत्रज्ञान माहीत होते, त्याचा अनुभव होता आणि ते वापरण्याची हिंमतही होती. तरीही शंटिंगसाठी रेव्हन यांनी वर्सडेल यांचे सोळा वर्षांपूर्वीचे ड्रॉइंग जसेच्या तसे कारखान्यात धाडले. सुधारणेला वाव कुठे आहे आणि कुठे नाही, हे ओळखणे हेही अभियंत्याचेच काम असते, आणि रेव्हन यांनी ते चोख बजावले असे मला वाटते.

महायुद्धानंतर १९२० मध्ये डार्लिंग्टनला आणखी १० झाली. त्यापाठोपाठ १९२२ मध्ये २५ इंजिनांची मोठी मागणी न्यूकॅसलजवळच्या स्कॉट्सवुड येथील आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीकडे गेली. तोफा आणि दारूगोळा करणाऱ्या या कारखान्याला युद्ध संपल्यावर काम हवे होते आणि तो नुकताच रेल्वे इंजिनांकडे वळला होता. इथवर एकूण ७५.

१९२३ मध्ये ब्रिटनमधल्या शंभरावर कंपन्या चार मोठ्या गटांत विलीन झाल्या आणि नॉर्थ ईस्टर्न रेल्वे ‘लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न’मध्ये मिसळली. नव्या कंपनीचे मुख्य अभियंते नायजेल ग्रेस्ली. त्यांनी १९२५ मध्ये या वर्गाची १० इंजिने बांधवली, आणि तीही डार्लिंग्टनला नव्हे, तर स्वतःच्या डॉन्कास्टरच्या कारखान्यात. त्याच वर्षी त्याच कारखान्यात त्यांची ‘पी १’ वर्गाची दोन अजस्र मालगाडी इंजिने उभी राहत होती, जी ओढू शकत तेवढ्या लांब मालगाड्या ठेवायला सायडिंगाच पुरेनात. एकाच छपराखाली एकीकडे हा भव्य प्रयोग आणि शेजारी १८९८ चे छोटे इंजिन, हे दृश्य मला नेहमी मजेशीर वाटते. प्रयोगाची संख्या दोनावरच थांबली. छोट्या इंजिनाची अजून वाढायची होती.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही ८५ इंजिने मुख्यतः हल, न्यूकॅसल, टाइन डॉक, डार्लिंग्टन, मिडल्सबरो आणि यॉर्क या भागांतच राबली. काही थोडी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनकडे गेली. काही इंजिनांच्या वाट्याला न्यूकॅसल सेंट्रलसारख्या मोठ्या स्थानकांत ‘पायलट’चे काम आले. त्यात रिकामे डबे फलाटाला लावायचे, येणाऱ्या गाडीला डबा जोडायचा किंवा काढायचा, पार्सलच्या व्हॅन हलवायच्या. हे काम यार्डापेक्षा नाजूक, कारण डब्यात माणसे असतात आणि ठोकर बसली तर लगेच तक्रार होते. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा या ८५ पैकी एकही इंजिन भंगारात गेलेले नव्हते. ब्रिटिश रेल्वेने त्यांना ६८६७० ते ६८७५४ असे सलग क्रमांक दिले. सर्वांत जुन्यांचे वय तेव्हा पन्नाशीला टेकले होते. आराखड्याविषयी माझ्या शब्दांपेक्षा ही नोंद अधिक बोलकी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. १९४९ ते १९५१ मध्ये डार्लिंग्टनला ६९००१ ते ६९०२८ या क्रमांकांची २८ इंजिने बांधली गेली आणि वर्गाची संख्या ११३ झाली. जुनी खासगी कंपनी, विलीनीकरणानंतरची कंपनी आणि राष्ट्रीयीकृत रेल्वे अशा तिन्ही राजवटींत एकच आराखडा, मूलतः न बदलता, बांधला गेल्याचे हे उदाहरण आहे. किरकोळ फरक होते, पण १८९८ च्या फिटरला १९५१ च्या इंजिनाखाली उभे केले असते तर त्याला काहीच अनोळखी वाटले नसते. याच कारखान्यातून १९४८-४९ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नचे शेवटचे मुख्य अभियंते पेपरकॉर्न यांची ‘ए १’ वर्गाची भरधाव प्रवासी इंजिने बाहेर पडत होती, तेव्हा क्षमतेची वाण होती असेही म्हणता येत नाही.

मग कारण काय? युद्धाने सगळ्याच यंत्रसामग्रीची झीज केली होती आणि जुन्या शंटिंग इंजिनांच्या जागी काहीतरी ताबडतोब हवे होते. ब्रिटनमध्ये कोळसा घरचा होता. तेल आयात करावे लागे आणि परकीय चलनाची तेव्हा भीषण टंचाई होती. डार्लिंग्टनला या इंजिनाचे साचे, मापे आणि ते बांधणारे हात तयार होते. शेडमध्ये सुटे भाग होते. नवा आराखडा करायचा तर ड्रॉइंग ऑफिसचा वेळ, नवे साचे आणि पहिल्या दोन वर्षांतल्या अपरिहार्य तक्रारी, हे सगळे आले; तेही अशा कामासाठी, ज्यात सुधारणेला जागा फारच थोडी. शिवाय असे करणारे डार्लिंग्टन एकटे नव्हते. ग्रेट वेस्टर्नच्या परंपरेतली ‘१६००’ आणि ‘९४००’ वर्गाची वाफेची टँक इंजिने तर १९५५-५६ पर्यंत बांधली जात होती.

एवढे असूनही मी या निर्णयाला पूर्ण गुण देणार नाही. शंटिंगसाठी डिझेल इंजिन किती सोयीचे आहे, हे ब्रिटनला युद्धापूर्वीच कळले होते. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश कंपनीने १९३० च्या दशकात त्याचा यशस्वी वापर केला होता आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नने स्वतः १९४४-४५ मध्ये डॉन्कास्टरला अशी चार इंजिने बांधली होती. वाफेचे इंजिन ओढण्यात कमी नव्हते. ते कमी पडत होते उभे राहण्यात. उभ्या इंजिनातही कोळसा जळतच असतो. आग पेटवून वाफ तयार व्हायला कित्येक तास लागतात, पाळी संपल्यावर राख काढावी लागते, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवावा लागतो आणि दोन माणसे कायम लागतात. डिझेलचे इंजिन बटण दाबून बंद करता येते, एका माणसाने चालवता येते आणि यार्डात दिवसरात्र ठेवता येते. ज्या कामात इंजिन निम्मा वेळ उभेच असते, त्या कामात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून रेल्वेच्या बहुतेक कामांच्या आधी शंटिंगमधून वाफ हद्दपार झाली. राष्ट्रीयीकृत रेल्वेचे रॉबर्ट रिडल्स यांनी वाफेच्या इंजिनांचे जे बारा प्रमाणित वर्ग आखले, त्यांत शंटिंगच्या इंजिनाचा एकही आराखडा नाही, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. १९५२ पासून ३५० अश्वशक्तीची प्रमाणित डिझेल शंटिंग इंजिने येऊ लागली; पुढे ‘०८’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या वर्गाची संख्या १९६२ पर्यंत ९९६ झाली आणि त्यांतली बरीच डार्लिंग्टनच्याच कारखान्यात बांधली गेली.

तेव्हा माझे मत असे: १९४९ च्या परिस्थितीत पहिली मागणी समर्थनीय होती, कारण गरज आजची होती आणि डिझेलचा पुरवठा उद्याचा. १९५१ ची तुकडी मात्र टाळता आली असती. वाफेचे इंजिन तीस-चाळीस वर्षे चालेल या हिशेबाने बांधले जाते. १९५८ पासून हा वर्ग सेवेतून काढायला सुरुवात झाली आणि १९६४ मध्ये शेवटची इंजिने गेली. म्हणजे १९५१ मध्ये बांधलेल्यांना जेमतेम तेरा वर्षे मिळाली, तर १८९८ च्या त्यांच्या थोरल्या भावांनी पन्नाशी सहज ओलांडली. दोष लोखंडात किंवा ड्रॉइंगमध्ये नव्हता. इंजिनाचे आयुष्य मोजताना त्याच्या कामाचेही आयुष्य मोजायला हवे होते आणि ते कारखान्याच्या नव्हे, तर वरच्या कचेरीच्या अखत्यारीत होते.

शेवटच्या वर्षांतल्या दोन नोंदी सांगण्याजोग्या आहेत. १९६० मध्ये स्थानकांवर पायलटचे काम करणाऱ्या ६८७२३ आणि ६८७३६ या दोन इंजिनांना काळा रंग खरवडून जुन्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा हिरवा रंग देण्यात आला आणि टाकीवर नव्या रेल्वेच्या जोडीला जुन्या कंपनीचे चिन्हही लावले गेले. सरकारी रेल्वेने आपल्या हाताने असे करणे विरळाच. दुसरी नोंद ६९००५ आणि ६९०२३ यांची. सामान्य सेवेतून निघाल्यावर ही दोन इंजिने विभागीय, म्हणजे रेल्वेच्या अंतर्गत कामासाठी ५८ आणि ५९ क्रमांकाने राखून ठेवली गेली आणि थंडीत रूळ बदलण्याच्या सांध्यांवर गोठलेला बर्फ वाफेने वितळवण्यासाठी वापरली गेली.

त्या कामामुळेच ६९०२३ भंगारवाल्यापर्यंत पोचायला उशीर झाला आणि १९६६ मध्ये एका खासगी ग्राहकाने ते विकत घेतले. त्याने आपल्या आईवडिलांच्या नावांची अक्षरे जोडून त्याला ‘जोएम’ हे नाव दिले. १९८० च्या दशकात ते नॉर्थ ईस्टर्न लोकोमोटिव्ह प्रिझर्व्हेशन ग्रुपकडे आले. ११३ पैकी आज शिल्लक आहे ते हे एकच. आपण ते कधी पाहायला गेलात आणि कोणी ‘हे व्हिक्टोरियन इंजिन’ म्हणून ओळख करून दिली, तर एवढे लक्षात असू द्यावे की आराखडा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असला, तरी समोरचे इंजिन एप्रिल १९५१ मध्ये बांधलेले आहे आणि १८९८ च्या पहिल्या वीस इंजिनांपैकी एकही आज उरलेले नाही.